आरशात बरी दिसते, मग फोटोत का नाही?

मागच्या अंकात आम्ही वाचकांना फोटो काढून घेताना येणाऱ्या अडचणी कळवण्यास सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एक वाक्य जवळजवळ जसेच्या तसे आहे: "माझा चेहरा फोटोजेनिक नाही." साताऱ्यातील आमच्या स्टुडिओत वडिलांच्या हाताखाली फोटोच्या प्लेटा धुण्यापासून सुरुवात केली, त्याला आता छत्तीस वर्षे होत आली. एवढ्या काळात फोटोत वाईट दिसणारा चेहरा क्वचितच पाहिला. चुकीच्या अंतरावरून किंवा चुकीच्या उजेडात टिपलेले चेहरे मात्र रोज पाहतो, आणि त्यात माझ्या हातून बिघडलेलेही बरेच आहेत. म्हणून पुढील उत्तरांत चेहऱ्याच्या दोषांविषयी फार थोडे आणि अंतर, उजेड व उभे राहणे यांविषयी बरेच सापडेल.

प्रश्न: माझे वय २६ आहे. आरशात मी स्वतःला बरी वाटते, पण सेल्फी काढला की नाक मोठे, कपाळ पुढे आलेले आणि चेहरा वाकडा दिसतो. मैत्रिणी म्हणतात, "तू अशीच तर दिसतेस!" हे ऐकून अधिकच वाईट वाटते. नाकाची शस्त्रक्रिया करावी का, असेही मनात येते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: शस्त्रक्रियेचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आधी एक मोजपट्टी घ्या. सेल्फीसाठी फोन चेहऱ्याजवळ, नाकाच्या टोकापासून साधारण ३० सेंटीमीटरवर धरला आहे, असे समजू. प्रौढ माणसाच्या नाकाचे टोक कानाच्या तुलनेत सुमारे १२ सेंटीमीटर पुढे असते, असे धरू. म्हणजे फोनपासून नाक ३० वर आणि कान ४२ वर. जी वस्तू जवळ ती मोठी उमटते, या साध्या नियमाने तुमचे नाक कानांच्या मानाने ४० टक्के मोठे उमटले. आता फोन मैत्रिणीच्या हातात द्या आणि तिला दीड मीटर, म्हणजे पाच फूट, मागे जायला सांगा. नाक १५० वर, कान १६२ वर. फरक उरला फक्त ८ टक्के. नाक तेच, चेहरा तोच. समोर बसून चहा पिताना माणसे तुम्हाला याच अंतरावरून पाहत असतात, त्यामुळे हा दुसरा फोटो त्यांच्या डोळ्यांतील तुमच्या चेहऱ्याला अधिक जवळचा असतो.

येथे एक गैरसमज दूर करतो. झूम केल्याने चेहरा सुधारतो असे पुष्कळ जण सांगतात. नुसत्या झूमने काहीच सुधारत नाही. दूर गेल्याने सुधारते आणि दूर गेल्यावर चेहरा लहान येऊ नये म्हणून झूम करावा लागतो. तेव्हा तुमच्या फोनमध्ये दुप्पट झूमची सोय असेल तर ती निवडा आणि पाच-सहा फुटांवरून फोटो काढवून घ्या. सेल्फीच काढायचा असेल तर फोन एखाद्या फडताळावर डोळ्यांच्या उंचीला टेकवा, टायमर १० सेकंदांवर लावा आणि मागे सरका.

चेहरा वाकडा दिसण्याचे कारण याहून वेगळे आहे. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक भुवई किंचित वर असते, ओठांचा एक कोपरा अधिक उचलला जातो, भांग एका बाजूला असतो. आरशात हे सारे उलट दिसते, आणि लहानपणापासून रोज पाहिलेली ती उलटी प्रतिमाच आपल्याला आपला खरा चेहरा वाटते. फोटो सुलट असतो, म्हणून तो परका वाटतो. १९७७ साली अमेरिकेत काही विद्यार्थिनींना त्यांच्याच फोटोची एक सुलट आणि एक आरशासारखी उलट प्रत दाखवण्यात आली. स्वतः मुलींचा कल उलट प्रतीकडे होता, तर त्यांच्या मैत्रिणींचा सुलट प्रतीकडे; बहुतेकींना सवयीची होती तीच प्रत आवडली. तुमच्या मैत्रिणी "तू अशीच दिसतेस" म्हणतात तेव्हा त्या तुम्हाला टोमणा मारत नसून, त्यांना रोज दिसणारा आणि आवडणारा चेहरा फोटोत सापडला, एवढेच सांगत असतात.

बहुतेक फोन सेल्फी घेण्यापूर्वी पडद्यावर आरसा दाखवतात आणि काढलेला फोटो मात्र सुलट करून साठवतात. पडद्यावर छान दिसणारी मुद्रा बटण दाबताच "बिघडते", ती यामुळे. साडीतील सेल्फी पाहा: पडद्यावर पदर ज्या बाजूला दिसत होता, त्याच्या विरुद्ध बाजूला तो साठवलेल्या फोटोत गेलेला असेल. बऱ्याच फोनमध्ये फोटो आरशासारखाच ठेवण्याची सोय असते आणि तुमच्या समाधानासाठी ती वापरायला हरकत नाही. फक्त मागच्या दुकानाची पाटी उलटी उमटेल.

प्रश्न: येत्या वैशाखात माझे लग्न आहे. माझा रंग सावळा आहे. बहिणीच्या लग्नातील फोटोंत माझा चेहरा एक तर काळवंडलेला आला आहे, नाही तर पांढराफटक. मेकअप करणाऱ्या ताईंनी "दोन शेड उजळ करू" असे सांगितले आहे. नऊवारी, नथ आणि मुंडावळ्या असणार आहेत. कशी काळजी घ्यावी? (एक नियोजित वधू, लातूर)

उत्तर: प्रथम अभिनंदन. आणि दोन शेड उजळ करू देऊ नका. हे मी सौंदर्याविषयीचे मत म्हणून सांगत नाही (मत विचाराल तर तेही हेच आहे). कॅमेऱ्यासमोर काय होते ते पाहून सांगतो. लग्नात वधूचा चेहरा एकटा कधीच नसतो. वरमाला घालताना हिरव्या चुड्याचे दोन्ही हात चेहऱ्याच्या शेजारी येतात, मंगळसूत्र बांधताना मान आणि खांदा समोर येतो. चेहऱ्यावर दोन शेड उजळ थर दिलेला असेल तर हात एका मुलीचे आणि चेहरा दुसरीचा, असा फोटो तयार होतो. मग अल्बम करणारा संगणकावर हातही पुसून उजळवतो आणि मेंदी फिकी पडते. मेकअपची चाचणी घ्याल तेव्हा आरशाभोवतीच्या दिव्यांवर विसंबू नका. खिडकीपाशी जाऊन दिवसाच्या उजेडात चेहरा, गळा आणि मनगट एकाच फोटोत घ्या. तिन्ही एकाच माणसाचे वाटले की थर योग्य.

सावळ्या चेहऱ्याचे फोटो बिघडतात, त्यात दोष चेहऱ्याचा नाही, यंत्राच्या मोजमापाचा आहे. फिल्मच्या जमान्यात प्रिंटचे रंग जुळवण्यासाठी फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीकडून प्रयोगशाळांना नमुन्याचे कार्ड येत असे. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे, आणि तिची त्वचा नीट आली म्हणजे सगळ्यांची नीट आली, असे मानले जाई. आज फोन बरेच सुधारले असले तरी अनेकदा ते चौकटीतील एकूण उजेडाची सरासरी काढतात. मागे पांढरा पडदा किंवा झगमगती रोषणाई असली की फोन सगळे चित्र मंद करतो आणि त्यात सावळा चेहरा बुडतो. हे पाहून घाबरलेला फोटोग्राफर समोरून फ्लॅश मारतो, तेव्हा कपाळ, नाक आणि गाल तेवढे पांढरे होतात. बहिणीच्या लग्नातील तुमच्या दोन्ही तऱ्हांच्या फोटोंचा उलगडा यात होतो.

उपाय अवघड नाही. मागची बाजू गडद ठेवा: लाकडी दार, झाडी, गडद रंगाचा पडदा. उजेड मोठ्या पृष्ठभागावरून येऊ द्या. सावळ्या त्वचेचे वैशिष्ट्य असे, की तिच्यावर उजेडाची झळाळी अतिशय सुंदर खेळते. मात्र ती झळाळी मोठ्या खिडकीची हवी, नुसत्या बल्बची नको. घरातून निघण्यापूर्वीचे फोटो पडवीत किंवा उंबरठ्याच्या आत दोन पावले उभे राहून, तोंड बाहेरच्या उजेडाकडे करून काढून घ्या. वैशाखात सकाळी साडेदहानंतर उघड्यावर उभे राहू नका, कारण डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते आणि ती कोणत्याही काजळाने झाकत नाही. फोनवर कोणी फोटो काढत असेल तर त्याला पडद्यावर तुमच्या चेहऱ्याला बोट लावून उजेड हवा तेवढा वाढवायला सांगा.

मांडवाच्या कापडाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दुपारच्या उन्हात पिवळ्या किंवा गुलाबी कापडातून झिरपणारा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तोच रंग चढवतो. वधूच्या अंगाला कालच लागलेली हळद असतेच; वर पिवळे छत आले की सारे वऱ्हाड कावीळ झाल्यासारखे दिसते. मांडववाल्याशी बोलणी चालू असतील तर निदान व्यासपीठावरचे छत पांढरे ठेवायला सांगावे.

आता नथ. ती डाव्या नाकपुडीत असते आणि हसताना गाल वर गेला की तिची चंद्रकोर फिरून वरच्या ओठावर येते. म्हणून नथ घालून, आरशासमोर हसून, ती कुठे टेकते ते आधीच पाहून ठेवा. चेहरा जरासा उजवीकडे वळवला की डावा गाल कॅमेऱ्यासमोर येतो आणि नथीचा आकार पूर्ण दिसतो. विरुद्ध बाजूला वळलात तर नाकाआडून चार मोती तेवढे डोकावतात. नथ चापाची असेल तर चाप आधी पक्का करून घ्या, कारण सैल नथ सावरण्यासाठी मुली नकळत वरचा ओठ ताणून धरतात आणि शंभर फोटोंत तो ताण दिसतो. फोनमधील मागचे धूसर करणारा पोर्ट्रेट मोड लग्नात शक्यतो टाळावा. नथीचे मोती, गजऱ्याच्या कळ्या आणि कानावरच्या बटा यांची कड त्याला नीट कळत नाही. माझ्या पुतणीच्या फोटोत त्याने नथीचे दोन मोती चक्क खाऊन टाकले होते.

मुंडावळ्यांसाठी एक शहाणी करवली नेमा. मान खाली घातली की त्यांची सर डोळ्यावर येते आणि मान वर केली तरी तिथेच अडकून राहते. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणाआधी ती सर कानामागे नसली तरी निदान डोळ्याच्या बाहेर असली पाहिजे. तिच्याच हातात टिपकागद द्या आणि घाम पुसायचा नाही, टिपायचा, एवढे बजावा.

प्रश्न: कॅमेरा समोर आला की माझे सर्वांग आखडते. हातांचे काय करावे ते कळत नाही आणि हसू दात विचकल्यासारखे येते. होणाऱ्या पत्नीला लग्नापूर्वीचे फोटो हौसेने काढायचे आहेत. मी टाळाटाळ करतो म्हणून ती रुसली आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: रुसवा काढायला आमच्या सदराचा उपयोग नाही, पण आखडण्याचे पाहू. फोटो म्हणजे ताठ बसणे, ही समजूत जुनी आहे. १८३९ साली दागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली तेव्हा एक फोटो उमटायला काही मिनिटे लागत, आणि माणूस हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा लावत. पुढे प्लेटा जलद झाल्या, चिमटे गेले, पण ताठा मागे राहिला. तुमच्या घरी भिंतीवर आजोबांचा मुठी गुडघ्यांवर ठेवून बसलेला फोटो असेल, तर तुमचे आखडणे हा वंशपरंपरेने आलेला शिष्टाचार आहे असे समजा.

पावलांपासून सुरुवात करू. छाती आणि दोन्ही पाय थेट कॅमेऱ्याकडे ठेवून उभे राहिलात तर ओळख परेडचा फोटो येतो. खांदे थोडे तिरके करा, वजन मागच्या पायावर टाका आणि पुढचा गुडघा सैल सोडा. कंबर, खांदे आणि मान यांची सरळ रेषा आपोआप मोडते. दंड अंगाला चिकटवू नका, कारण दाबले गेलेले दंड आहेत त्यापेक्षा जाड दिसतात. काखेत पोळपाटावरचे लाटणे जाईल एवढी फट ठेवा. हातांना काम द्या: शर्टाची बाही दुमडणे, घड्याळाचा पट्टा सारखा करणे, कठड्याला धरणे. खिशात हात घालायचाच असेल तर अंगठा बाहेर राहू द्या, नाही तर मनगटाशी हात संपल्यासारखा दिसतो. शिवाय फोटो काढणाऱ्याला सांगा, की पूर्ण उंचीचा फोटो असेल तर कॅमेरा तुमच्या पोटाच्या उंचीवर धरावा. उंच माणसाने स्वतःच्या डोळ्यांपाशी फोन धरून काढलेल्या फोटोत समोरच्याचे पाय आखूड आणि डोके मोठे येते.

हनुवटीची गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि प्रत्येक जण आधी हसतो. कॅमेरा समोर आला की माणूस लाजून मान मागे ओढतो आणि हनुवटीखाली घडी पडते. त्याऐवजी कासव कवचातून मान काढते तसे कपाळ कॅमेऱ्याकडे थोडे पुढे न्या आणि मग हनुवटी केसभर खाली घ्या. बाजूने पाहणाऱ्याला हे विचित्र दिसते, तुम्हालाही अवघडल्यासारखे वाटते, पण समोरून जबड्याची रेषा स्वच्छ उमटते. दोन बोटांच्या रुंदीइतकेच पुढे यायचे आहे, त्याहून अधिक नाही.

हसण्याचे शास्त्र ड्युशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ साली मांडून ठेवले आहे. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या हुकमाने चालतो, डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र हुकमाने सहसा चालत नाही; तो खऱ्या आनंदाने आकसतो. "हसा" म्हटल्यावर दात दिसतात आणि डोळे कोरडे राहतात, ते यामुळे. आमचे वडील यावर नामी उपाय करीत. सगळी तयारी झाली की ते कॅमेऱ्यामागून अगदी गंभीरपणे विचारायचे, "निघताना घराला कुलूप घातलंत ना?" गिऱ्हाईक क्षणभर दचकायचे, मग त्याला आठवायचे की घरी आई आहे, आणि चेहऱ्यावर जी सुटकेची खूण उमटायची ती वडील टिपून घ्यायचे. तुमच्या बाबतीत हे काम होणाऱ्या पत्नीने करावे. फोटोग्राफरकडे न पाहता तिच्याशी बोला आणि बोलणे संपून हसू ओसरू लागते त्या क्षणी त्याला बटण दाबू द्या. त्याआधी एक लांब श्वास सोडा. श्वास रोखून धरलेला माणूस फोटोत लगेच ओळखू येतो, कारण त्याचे खांदे कानांना भेटायला निघालेले असतात.

प्रश्न: चष्म्याच्या काचांवर दरवेळी पांढरे डाग येतात. माझा नंबर उणे सात आहे. चष्मा काढला तर मी मला ओळखू येत नाही. (एक वाचक, जळगाव)

उत्तर: मग काढू नका. काचेवरचा डाग म्हणजे समोरच्या दिव्याचे किंवा खिडकीचे प्रतिबिंब आहे. दिवा वर आणि बाजूला न्या, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवर अर्धा सेंटीमीटर उचला; काचा किंचित खाली झुकतात आणि प्रतिबिंब जमिनीकडे जाते. उणे सातच्या काचेतून कडेचा गाल आत सरकलेला दिसतो, म्हणून चेहरा फार वळवू नका. समोरून फोटो घेतलात तर ती पायरी फारशी जाणवत नाही.

प्रश्न: गौरी-गणपतीला आम्ही एकूण १८ जण एकत्र येतो. दरवर्षीच्या फोटोत कोणाचे तरी डोळे मिटलेले असतात आणि कडेला उभ्या राहणाऱ्या दोन्ही जावा फुगलेल्या दिसतात. त्यावरून दरवर्षी रागलोभ होतात. (एक गृहिणी, रत्नागिरी)

उत्तर: मिटलेल्या डोळ्यांचा हिशेब ऑस्ट्रेलियातील निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी मांडला आणि त्यासाठी त्यांना २००६ साली गणिताचा इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा) पुरस्कारही मिळाला. वीसपेक्षा कमी माणसे असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागावे आणि उजेड कमी असताना दोनने. येईल तितके फोटो काढले की त्यात एक तरी सर्वांचे डोळे उघडे असलेला मिळण्याची दाट शक्यता असते. तुम्हाला दिवसा सहा आणि रात्री आरतीनंतर नऊ फोटो काढावे लागतील. "एक, दोन, तीन" म्हणण्यापूर्वी सर्वांना डोळे मिटायला सांगावे आणि "तीन"ला उघडायला सांगावे, ही आमची घरगुती युक्तीही चालते. फक्त ऐकायला कमी येणाऱ्या काकांना मधल्या रांगेत कोणाच्या तरी कोपराशेजारी उभे करा.

जावांच्या फुगण्यात त्यांचा काहीच दोष नाही. खोलीत जागा कमी म्हणून फोटो काढणारा फोनचे रुंद भिंग निवडतो, आणि रुंद भिंग चौकटीच्या कडेची माणसे आडवी ताणते. फोटो अंगणात घ्या, काढणाऱ्याला पंधरा-वीस पावले मागे पाठवा आणि दोन्ही कडांना एकेका माणसाची जागा रिकामी ठेवा. तरीही जागा नसेल तर कडेला शिडशिडीत पुतण्यांना उभे करा. त्यांना ताणले गेल्याने बरेच वाटेल. रांग सरळ न ठेवता थोडी अर्धचंद्राकृती करा, म्हणजे कडेची माणसे आत वळतात. पुढच्यांना खुर्च्यांवर, मुलांना जमिनीवर आणि मागच्यांना दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत उभे करावे. थेट खुर्चीमागे उभ्या राहिलेल्या माणसाची फक्त हनुवटी दिसते. मखरातील दिव्यांच्या माळा फोटोपुरत्या बंद कराव्यात. मूर्तीच्या मागून उजेड येत राहिला तर बाप्पा झगमगतील आणि अठरा भक्त अंधारात जातील.

प्रश्न: पासपोर्ट आणि आधारवरचा फोटो माणसाला इतका वाईट का दाखवतो? (एक वाचक, पुणे)

उत्तर: कारण तो तुम्हाला चांगले दाखवण्यासाठी नाही, ओळखण्यासाठी आहे. सेवा केंद्रात फोटो तिथल्या तिथे काढतात. डोक्यावर ट्यूबलाइट असते, कॅमेरा टेबलावर खाली असतो आणि तुम्ही त्याच्याकडे वाकून पाहता. त्यामुळे डोळ्यांखाली सावली आणि हनुवटीखाली घडी येणारच. तुमच्या हातात एवढेच आहे, की पाठ सरळ ठेवून बसा, वर सांगितलेले कासव आठवा, मागची पार्श्वभूमी पांढरी असते म्हणून पांढरा शर्ट घालू नका आणि ओठ मिटूनच पण जबडा सैल ठेवा. अमेरिकेच्या व्हिसासाठी २ इंच बाय २ इंचांचा फोटो लागतो आणि नोव्हेंबर २०१६पासून त्यात चष्मा चालत नाही. तेव्हा त्यासाठी वेगळा फोटो काढावा. जुना कापून पाठवू नये.

प्रश्न: वय ७४. गेल्या महिन्यात एक जुना मित्र गेला. दहाव्याला गेलो तर हार घातलेला त्याचा फोटो कुठल्याशा लग्नातल्या फोटोतून कापून मोठा केलेला होता. चेहरा धूसर होता आणि खांद्यावर दुसऱ्याच कोणाची तरी चार बोटे होती. घरी येऊन आमचे फोन पाहिले. माझाही एकट्याचा धड फोटो नाही. एक चांगला काढून ठेवावा म्हणतो, पण सौभाग्यवती "असलं अभद्र बोलू नका" म्हणून ओरडते. (एक निवृत्त शिक्षक, वाई)

उत्तर: गुरुजी, असे फोटो मोठे करून देण्याचे काम वर्षातून कित्येकदा आमच्याकडे येते. मुलगा फोनवर एक फोटो दाखवतो, त्यात वडील पंगतीत वाढायला वाकलेले असतात किंवा नातवाच्या बारशात तिसऱ्या रांगेत असतात, आणि "संध्याकाळपर्यंत होईल ना?" असे विचारताना त्याचे लक्ष आमच्याकडे नसते. खांद्यावरची बोटे आम्ही पुसून देतो. धूसर चेहरा मात्र स्पष्ट करता येत नाही, कारण जे टिपलेच गेले नाही ते आणायचे कोठून? फोटो वेळेवर काढून ठेवण्याचा तुमचा विचार अगदी योग्य आहे.

पुढच्या वर्षी तुमची पंच्याहत्तरी. काकूंना सांगायला एवढे निमित्त पुरे आहे आणि ते खोटेही नाही. सकाळी नऊच्या सुमारास, ऊन थेट आत येत नाही अशा खिडकीपाशी बिनहाताची खुर्ची ठेवा. खिडकी तुमच्या समोरही नको आणि अगदी बाजूलाही नको. दोहोंच्या मधोमध, तिरपी असावी. म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला मऊ सावली येते, आणि सुरकुत्या खोट्या न पुसता नीट दिसतात. सुरकुत्या घालवणारे फिल्टर वापरू देऊ नका; चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुळगुळीत कपाळ मेणाच्या पुतळ्यासारखे दिसते. कवळी असेल तर लावून बसा, कारण तिच्याविना गाल बसतात आणि नातवंडांना तो चेहरा अनोळखी वाटतो. रोज टोपी घालत असाल तर टोपीसह एक आणि टोपीविना एक, असे दोन फोटो घ्या. सदरा पांढराच असेल तर मागे गडद सोलापुरी चादर टांगावी. हात मांडीवर एकात एक ठेवा आणि त्यांनाही फोटोत येऊ द्या. चाळीस वर्षे खडू धरलेली बोटे कापून टाकण्यात अर्थ नाही.

८ बाय १० इंचांची स्वच्छ प्रत हवी असेल तर फोटो निदान २४०० बाय ३००० बिंदूंचा (पिक्सेलचा) असावा लागतो. आजच्या बहुतेक फोनचा मागचा कॅमेरा एवढे सहज टिपतो. पण तोच फोटो व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की आकसतो आणि मोठा करताना पुन्हा धूसर होतो. म्हणून मूळ फाइल मुलाला ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि तिला तुमचे नाव व वर्ष द्या, नाही तर हजार फोटोंत ती कोणाला सापडणार नाही. एक प्रत छापून काचेच्या चौकटीत बसवा, ऊन लागणार नाही अशा भिंतीवर आताच टांगा आणि खाली "पंच्याहत्तरीनिमित्त" असे लिहा. त्याच खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडून काकूंसह एक फोटो घ्या. त्या आधी नको म्हणतील, मग आत जाऊन साडी बदलून येतील. तेवढा वेळ खिडकीतला उजेड टिकेल.